ओनीलच्या घरातला माणूस : जेसन रोबार्ड्स

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या नटाबद्दल बोलणार आहे, त्याचा चेहरा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला असेल, नाव मात्र लक्षात नसेल. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मधला शायान नावाचा दाढीवाला दरोडेखोर आठवतो? किंवा 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन'मधला, टेबलावर पाय टाकून बातमीचा पुरावा मागणारा संपादक? तोच हा जेसन रोबार्ड्स. या संपादकाच्या भूमिकेसाठी १९७६ सालचं ऑस्कर मिळालं आणि लगेच पुढच्या वर्षी 'ज्युलिया'साठी दुसरं. असं असूनही मला तो सिनेमाचा नट वाटत नाही. तो एका नाटककाराचा नट होता. त्या नाटककाराचं नाव युजीन ओनील, आणि रोबार्ड्सनं त्याच्या नाटकातली पहिली मोठी भूमिका केली तेव्हा ओनीलला जाऊन अडीच वर्षं झाली होती.

रोबार्ड्सचा जन्म शिकागोचा, २६ जुलै १९२२चा. वडिलांचं नावही जेसन रोबार्ड्सच, आणि धंदाही नटाचाच. मूकपटांच्या काळात वडिलांना बरी कामं मिळत होती. बोलपट आले आणि मोठ्या भूमिका छोट्या झाल्या, छोट्यांच्या आणखी छोट्या. मुलगा हॉलिवूडच्या शाळेत शिकत होता, धावण्याच्या शर्यतीत पुढे होता, आणि बापाची ही उतरती कळा रोज घरात बघत होता. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१९४० साली तो नौदलात शिरला. काम काय मिळालं, तर बिनतारी संदेशवाहकाचं! नॉर्दॅम्प्टन नावाच्या क्रूझरवर, म्हणजे मोठ्या युद्धनौकेवर, तो होता. हवाईतल्या पर्ल हार्बर बंदरावर जपाननं हल्ला केला त्या दिवशी ही बोट सुदैवानं समुद्रात होती, ती परतली ती जळक्या बंदरात. पुढच्या वर्षी, ३० नोव्हेंबर १९४२च्या रात्री, पॅसिफिकमधल्या ग्वादलकनाल बेटाजवळ तीच बोट टॉर्पेडो लागून बुडाली. वीस वर्षांचा रोबार्ड्स अंधारात तासन्‌तास पाण्यात तरंगत राहिला, मग एका विनाशिकेनं त्याला उचललं. नंतर तो नॅशविल या क्रूझरवर गेला; तिच्यावर डिसेंबर १९४४ मध्ये कामिकाझे, म्हणजे जपानी आत्मघातकी, विमान येऊन आदळलं आणि शंभराहून अधिक माणसं गेली. त्याला नेव्ही क्रॉस हे मोठं शौर्यपदक मिळालं होतं असं अजूनही कुठेकुठे छापून येतं. ते खरं नाही. पण त्यानं जे पाहिलं ते पदकावाचूनही पुरेसं होतं. आणि नियतीची गंमत बघा, १९७० साली पर्ल हार्बरवरच 'टोरा! टोरा! टोरा!' हा चित्रपट निघाला तेव्हा त्यात हवाईतल्या अमेरिकन सेनाप्रमुखाची, जनरल शॉर्टची, भूमिका रोबार्ड्सनं केली.

याच नॅशविल बोटीवरच्या वाचनालयात त्याच्या हाती एक नाटक पडलं, 'स्ट्रेंज इंटरल्यूड'. लेखक युजीन ओनील. युद्ध संपल्यावर त्यानं न्यूयॉर्कच्या अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्‌समध्ये नाव घातलं. त्यानंतरची दहाएक वर्षं किरकोळ कामांची, ओढाताणीची. ती मी पटकन ओलांडतो, कारण १९५६ हे साल वाट बघतंय.

मे १९५६. न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमध्ये 'सर्कल इन द स्क्वेअर' नावाचं लहानसं नाट्यगृह होतं. जागा पूर्वी नाइटक्लबची, प्रेक्षक तिन्ही बाजूंनी नटाच्या अंगाला लागून बसलेले. दिग्दर्शक होझे किन्टेरो तिथे ओनीलचं 'द आइसमन कमेथ' बसवत होता. दहा वर्षांपूर्वी ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, हे नाटक फारसं जमलं नव्हतं, आणि अमेरिकेनं ओनीलला जवळजवळ अडगळीत टाकलं होतं. नाटक एका गुत्त्यात घडतं. उद्या सगळं ठीक करू, उद्या नोकरी धरू, असं म्हणत वर्षानुवर्षं पीत बसलेली माणसं, आणि त्यांच्यात दरवर्षी येणारा हिकी नावाचा फिरता विक्रेता. या खेपेला हिकी दारू सोडून आलाय आणि सगळ्यांची खोटी स्वप्नं मोडायला निघालाय. ओनीलनं हिकीचं वर्णन लिहिलंय ते पन्नाशीच्या, बुटक्या, गोल गरगरीत माणसाचं. रोबार्ड्स तेहतीस वर्षांचा, हडकुळा. किन्टेरोच्या डोक्यात त्याच्यासाठी दुसरीच भूमिका होती. रोबार्ड्सनं हट्ट धरला, मला हिकी वाचू द्या. त्यानं वाचला आणि प्रश्न मिटला.

पल्लेदार स्वगतांवर वाढलेल्या आपल्या नाटकवेड्या श्रोत्यांना पुढची गोष्ट सांगायला हवी. नाटक चार तासांहून लांब. चौथ्या अंकात हिकीचं भाषण येतं, ते मिनिटंच्या मिनिटं चालतं, आणि त्यात तो आपल्या बायकोचं काय झालं ते सांगतो. हे भाषण गर्जना करून म्हणता येत नाही. हिकी विक्रेता आहे, समोरच्याला पटवणं हा त्याचा धंदा. रोबार्ड्स सुरुवात करतो ती माल खपवणाऱ्याच्या गोड, ओघवत्या लयीत. टाळ्या देतो, चुटक्या वाजवतो, हसतो. आणि बोलता बोलता त्याच्या तोंडून असं एक वाक्य निसटतं की तो स्वतःच दचकतो. प्रेक्षकांच्या आधी नटाला धक्का बसतो, ही या अभिनयाची खुबी. हा प्रयोग ५६५ वेळा झाला. ओनील अडगळीतून बाहेर आला तो इथे.

ओनीलची विधवा कार्लोटा हिच्याकडे नवऱ्याचं एक अप्रकाशित नाटक होतं, 'लाँग डेज जर्नी इन्टू नाइट'. आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षं ते छापू नये, असं ओनीलनं बजावलं होतं. कारण ते सरळसरळ त्याच्या घरचं नाटक. बाप जेम्स ओनील हा एका काळी गाजलेला नट. 'माँटे क्रिस्टो'ची भूमिका हजारो वेळा करून त्यानं पैसा मिळवला आणि स्वतःतला मोठा नट गमावला. आई मॉर्फिनच्या आहारी गेलेली. थोरला भाऊ जेमी दारूच्या. धाकटा मुलगा क्षयानं खोकणारा, तो स्वतः लेखक. कार्लोटानं पंचवीस वर्षं काही धीर धरला नाही, आणि अमेरिकेतल्या प्रयोगाचे हक्क तिनं किन्टेरोला दिले. नोव्हेंबर १९५६ मध्ये ब्रॉडवेवर पडदा वर गेला तेव्हा थोरला भाऊ जेमी होता जेसन रोबार्ड्स.

आता मघाची ती लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. स्वतःच्या गुणांना न पुरलेला नट-बाप, आणि त्याच्याकडे रागानं व मायेनं एकदमच बघणारा मुलगा. हे रोबार्ड्सला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. सख्ख्या बापाबरोबरही तो दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, ब्रॉडवेवर उभा राहिला, 'द डिसएन्चांटेड' या नाटकात. त्याच नाटकासाठी त्याला टोनी हा अमेरिकन रंगभूमीचा मोठा पुरस्कार मिळाला. पुढे आयुष्यभर नामांकनं पुष्कळ आली, पण टोनी तो एकच. १९६३ मध्ये वडील गेले आणि त्यानं नावापुढचं 'ज्युनियर' काढून टाकलं.

सगळं असं उजळ नव्हतं. चार लग्नं झाली. तिसरं अभिनेत्री लॉरेन बकॉलशी, तेही १९६९ला मोडलं. दारू भयंकर. ओनीलच्या दारुड्यांची कामं करणारा नट खरोखरच दारुडा असणं यात लोकांना काहीतरी थोर वाटतं. मला वाटत नाही. डिसेंबर १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात त्यानं गाडी डोंगरकड्यावर घातली. चेहऱ्याचा चेंदामेंदा झाला, शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया करून तो पुन्हा उभा करावा लागला. दारू नटाला देते ते एवढंच. नंतर त्यानं ती सोडली, आणि व्यसनमुक्तीबद्दल तो जाहीरपणे बोलायचाही.

अपघाताला वर्ष होतंय तोच, १९७३च्या डिसेंबरात, तो पुन्हा जेमी झाला. हे ओनीलचंच आणखी एक नाटक, 'अ मून फॉर द मिसबिगॉटन'. तोच भाऊ, पण आता आणखी खचलेला, आई गेल्याच्या अपराधी भावनेनं पोखरलेला. समोर अभिनेत्री कॉलीन ड्यूहर्स्ट, दिग्दर्शक पुन्हा किन्टेरो, जो स्वतःही दारूतून सुटून आला होता. चौतिसाव्या वर्षी केलेला माणूस एक्कावन्नाव्या वर्षी नव्यानं करायचा, तोही दुरुस्त केलेल्या चेहऱ्यानं.

'ऑल द प्रेसिडेंट्स मेन'मधली संपादकाची भूमिका यानंतरची. त्या चित्रपटाचा नायक रॉबर्ट रेडफर्ड, आणि तो काढला होता रेडफर्डच्याच कंपनीनं. रेडफर्डनं फार पूर्वी, १९६० मध्ये, 'आइसमन'च्या टीव्ही आवृत्तीत रोबार्ड्सच्या हिकीसमोर पोरसवदा काम केलं होतं.

'लाँग डेज जर्नी'तला जेमी करणारा एक दिवस त्यातला बाप करणारच. ब्रुकलिनला १९७६ मध्ये एकदा केला, दिग्दर्शनही स्वतःचंच. मग १९८८, ओनीलची जन्मशताब्दी. त्या वर्षी ड्यूहर्स्ट आणि रोबार्ड्स यांनी ब्रॉडवेवर आलटून पालटून दोन नाटकं केली. एका रात्री 'लाँग डेज जर्नी'मधले उद्ध्वस्त आईबाप, दुसऱ्या रात्री 'आह, विल्डरनेस!'मधले हसरे, समंजस आईबाप. ही दुसरी जोडी म्हणजे ओनीलला जे घर हवं होतं आणि मिळालं नाही, ते. एकाच नटजोडीनं एका आठवड्यात एका लेखकाचं खरं घर आणि मनातलं घर दोन्ही चालवायचं, याची मला अजून अपूर्वाई वाटते.

शेवटची मोठी भूमिका 'मॅग्नोलिया'मधली, १९९९ची. अंथरुणाला खिळलेल्या, मरणाऱ्या म्हाताऱ्याची. २६ डिसेंबर २००० रोजी फुप्फुसाच्या कर्करोगानं तो कनेक्टिकटमध्ये वारला. वय अठ्ठ्याहत्तर.

रंगभूमीवरचं काम हवेत विरतं, पण इथे आपलं नशीब थोडं चांगलं आहे. 'आइसमन'ची १९६०ची कृष्णधवल टीव्ही आवृत्ती उपलब्ध आहे, दिग्दर्शक सिडनी ल्युमेट. त्याच ल्युमेटनं १९६२ मध्ये 'लाँग डेज जर्नी'चा चित्रपट केला, कॅथरीन हेपबर्न आईच्या भूमिकेत आणि रोबार्ड्स जेमी. 'मून'चंही १९७५चं टीव्ही चित्रण आहे. तिन्ही पाहायला वेळ नसेल तर 'आइसमन'चा फक्त चौथा अंक लावा, आणि हिकी बोलायला लागला की पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐका.

नमस्कार.