दोन गाड्या आणि एक पायरी

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय ते दोन अमेरिकन गाड्यांबद्दल. दोन्ही ऐसपैस, अख्खं कुटुंब पाय पसरून बसेल अशा. आणि दोन्ही शर्यतीत धावणाऱ्या.

पहिली १९४९ ची ओल्ड्समोबिल रॉकेट ८८. कंपनीनं साधी युक्ती केली. मोठ्या मॉडेलसाठी बनवलेलं नवंकोरं व्ही-८ इंजिन, म्हणजे दोन रांगांत आठ सिलिंडर असलेलं, हलक्या बॉडीत बसवलं. ताकद १३५ हॉर्सपॉवर. त्या वर्षी नॅसकार या अमेरिकेतल्या मोटारशर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या नव्या मालिकेत आठ शर्यती झाल्या, त्यातल्या पाच ओल्ड्सनं मारल्या.

दुसरी १९५१ ची हडसन हॉर्नेट. हॉर्नेट म्हणजे गांधीलमाशी. इंजिन तेवढंच, साधारण पाच लिटरचं, पण घडण जुनी: सहा सिलिंडर एका रांगेत आणि व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा, त्यांच्या शेजारी. ओल्ड्सचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर होते, त्यामुळे तिचा श्वास मोकळा. हडसनमध्ये हवेला वळसा घालून आत-बाहेर करावं लागे. कागदावर पाहिलं, तर ही म्हातारी त्या तरुणापुढे टिकायलाच नको.

पण तिचं दार उघडून बघा. तेव्हाच्या बहुतेक गाड्यांत चासीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, वर फरशी असायची, म्हणजे चढून बसावं लागे. हडसनमध्ये उंबरठा ओलांडला की पाय खाली जातो, ओसरीवरून अंगणात उतरावं तसा. फरशी चासीच्या दांड्यांच्या मध्ये खाली सोडलेली, आणि ते दांडे मागच्या चाकांच्याही बाहेरून वळवलेले. सगळं वजन जमिनीलगत. वळणावर बाकीच्या गाड्या कलंडू बघायच्या, तेव्हा ही चिकटून जायची.

फेब्रुवारी १९५१ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोनाच्या शर्यतीत मार्शल टीग या चालकानं हॉर्नेट पहिली आणली. तिथला मार्ग अर्धा डांबरी, अर्धा समुद्राच्या वाळूतला! पुढं इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण पुरवणारे दोन कार्बोरेटर आले. शिवाय ‘खडतर वापरासाठी’ म्हणून कंपनी खास सुटे भाग विकायची. खडतर वापर कुठला, ते सगळ्यांना ठाऊक होतं. १९५२ मध्ये ३४ पैकी २७ शर्यती हडसनच्या. ओल्ड्सचं इंजिन उद्याचं होतं, हे मान्य; तरी मला विचाराल तर माझं मत हॉर्नेटला.

गंमत अशी, की त्या फरशीनंच कंपनीचा घात केला. सांगाडा आणि बॉडी एकजीव असल्यानं दरवर्षी नवं रूप देणं भलतंच महाग, आणि तेव्हाच्या गिऱ्हाइकाला दरवर्षी नवा चेहरा हवा असायचा. त्यात छोट्या ‘जेट’ गाडीवर ओतलेला पैसा बुडाला. १९५४ मध्ये हडसन नॅश कंपनीत विलीन झाली.

पुढच्या वर्षी हॉर्नेट पुन्हा आली, विस्कॉन्सिनमधल्या केनोशाच्या कारखान्यातून. आता तिलाही व्ही-८ मिळत होतं, पॅकार्डकडून आणलेलं. बॉडी मात्र नॅशची होती. दार उघडून आत पाय टाकला, तर खाली उतरायला पायरी नव्हती.