पेंटॅकल: वेदीवरची तबकडी आणि तिच्यावरचा तारा

[पडद्यावर: लष्करी दफनभूमी, पांढऱ्या दगडांच्या रांगा]

अमेरिकेत सैन्यात सेवा केलेल्या माणसाच्या कबरीसाठी सरकार स्वतःच्या खर्चाने दगड देतं. त्यावर मृताच्या श्रद्धेचं चिन्हही कोरून मिळतं, पण ते सरकारी यादीतलं असावं लागतं. या यादीत क्रूस होता, दाविदाचा तारा होता, नास्तिकांसाठी अणूची आकृतीसुद्धा होती. वर्तुळातला पाच टोकांचा तारा, म्हणजे पेंटॅकल, मात्र नव्हता, आणि पेगन संघटना, म्हणजे ख्रिस्तपूर्व निसर्गपूजक श्रद्धा नव्याने पाळणाऱ्यांच्या संघटना, जवळजवळ दहा वर्षं त्यासाठी अर्ज करत होत्या.

२५ सप्टेंबर २००५ रोजी अफगाणिस्तानात एक चिनूक हेलिकॉप्टर पाडलं गेलं. त्यात नेवाडा नॅशनल गार्डचे सार्जंट पॅट्रिक स्टुअर्ट यांचा मृत्यू झाला. ते विक्का धर्म पाळत. पत्नी रॉबर्टा यांनी त्यांच्या स्मृतिफलकावर पेंटॅकल मागितलं आणि केंद्रीय खात्याने नकार दिला. २००६ मध्ये नेवाडा राज्याने स्वतःच्या अधिकारात फर्नलीच्या सैनिकी स्मारकात तसा फलक बसवला. विस्कॉन्सिनमधल्या सर्कल सँक्चुअरी या पेगन संस्थेने आणि इतरांनी दाखल केलेला खटला अखेर २३ एप्रिल २००७ रोजी तडजोडीने मिटला. आज त्या यादीत पेंटॅकल ३७व्या क्रमांकावर आहे.

या वादामुळे पेंटॅकल बातम्यांमध्ये खूप दिसलं. त्याच्यासमोर उभं राहून माणसं नेमकं काय करतात, ते मात्र फारसं कुणी दाखवलं नाही. चिन्हाचा खरा अर्थ तिथेच सापडतो, म्हणून आपण थेट वेदीपाशी जाऊ.

[पडद्यावर: वेदी, वरून. उत्तरेच्या बाजूला तांब्याची गोल तबकडी]

विक्का हा आधुनिक पेगन धर्मांतला सर्वांत परिचित पंथ. १९५१ मध्ये ब्रिटनमधला जादूटोण्याविरुद्धचा जुना कायदा रद्द झाला आणि त्यानंतर जेराल्ड गार्डनर यांनी हा पंथ उघडपणे लोकांसमोर मांडला. या पंथात पेंटॅकल म्हणजे साधारण १३ ते १५ सेंटिमीटर व्यासाची सपाट तबकडी. तिच्यावर कोरलेला तारा म्हणजे पेंटाग्राम. दागिन्यांच्या दुकानात दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण वेदीवर हा फरक पाळावाच लागतो, कारण तबकडी हे एक उपकरण आहे.

तिचं काम आधार देण्याचं. विधीच्या सुरुवातीला पाण्याचं भांडं तबकडीवर ठेवतात आणि अथामे, म्हणजे काळ्या मुठीची दुधारी सुरी, तिचं टोक पाण्यात बुडवून पाणी शुद्ध करतात. मग भांडं उचलून तिथे मीठ ठेवतात आणि सुरीचं टोक त्याला लावतात. त्यातलं मीठ, बहुतेक ठिकाणी तीन चिमूट, पाण्यात मिसळून ते पाणी विधीसाठी आखलेल्या वर्तुळावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने शिंपडतात. शेवटी वाटायचे केक आशीर्वादासाठी याच तबकडीवर येतात. नवी अंगठी, औषधी मुळी, ताईत, जे काही पवित्र करायचं ते आधी इथे टेकवायचं. दिशा उत्तर, तत्त्व पृथ्वी. म्हणजे शरीर, अन्न, घर, पैसा, आरोग्य. १९०९ मध्ये पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेल्या टॅरो संचात नाण्यांच्या पत्त्यांवर हाच तारा आहे आणि त्या गटाला पेंटॅकल्स म्हणतात. ज्योतिषाच्या जाहिरातींमधून हे पत्ते आपल्याकडेही ओळखीचे झाले आहेत.

[पडद्यावर: तबकडी अगदी जवळून]

गार्डनर परंपरेची तबकडी जवळून पाहिली की तिच्यावर ताऱ्याखेरीज बरंच काही दिसतं. मधोमध सरळ तारा आणि त्याच्या वरच्या टोकावर त्रिकोण, ही पंथातल्या तीन दीक्षांपैकी तिसरीची खूण. एका बाजूला उलटा त्रिकोण, पहिल्या दीक्षेचा. दुसऱ्या बाजूला उलटा तारा, दुसऱ्या दीक्षेचा. खाली शिंगं असलेलं वर्तुळ म्हणजे देव आणि पाठीला पाठ लावलेल्या दोन चंद्रकोरी म्हणजे देवी. या खुणा वाचता आल्या की साधकाचा दीक्षेपासूनचा सगळा मार्ग एका तबकडीवर दिसतो.

छळाच्या काळात ही तबकडी मेणाची असे, म्हणजे धाड पडली की आगीत टाकून पुरावा नष्ट करता यावा, असं या पंथात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. कथा मनाला भिडते, पण इतिहास तिला आधार देत नाही. अशी तबकडी मांत्रिक ग्रंथांच्या परंपरेतून आली आहे. सोळाव्या शतकातल्या जॉन डी यांच्या मेणाच्या कोरीव तबकड्या ब्रिटिश म्युझियममध्ये आजही पाहता येतात, आणि डी हे काही लपूनछपून राहणाऱ्या चेटकिणींपैकी नव्हते, राणी एलिझाबेथ यांच्या दरबारात ऊठबस असलेले विद्वान होते.

[पडद्यावर: काळ्या पाटीवर तारा काढणारा हात]

आता तारा. वरच्या टोकापासून घड्याळाच्या दिशेने गेलं की क्रम असा लागतो: आत्मतत्त्व, जल, अग्नी, पृथ्वी, वायू. हा क्रम लंडनमध्ये १८८८ साली स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या गूढ संस्थेकडून आला. तारा हवेत रेखाटण्याची रीतही तिथलीच, आणि अर्थ खरा उलगडतो तो या रेखाटण्यात. आकृती तीच राहते, सुरुवात आणि दिशा बदलली की काम बदलतं.

पृथ्वीतत्त्वाला बोलवायचं असेल तर वरच्या टोकापासून सुरुवात करून डाव्या खालच्या टोकाकडे या, कारण पृथ्वीचं टोक ते आहे. तिथून उजवीकडे वर, मग आडवं डावीकडे, मग उजवीकडे खाली आणि परत माथ्यावर. निरोप द्यायचा असेल तर डाव्या खालच्या टोकापासून थेट माथ्याकडे निघायचं, पुढे उजवीकडे खाली, डावीकडे वर, आडवं उजवीकडे आणि परत सुरुवातीला. नियम एकच: तत्त्वाच्या टोकाकडे जाणारी पहिली रेघ बोलावते, त्या टोकापासून निघणारी पाठवते. अनेक गट शेवटी पहिली रेघ पुन्हा एकदा ओढतात, म्हणजे आकृती पक्की बंद होते.

बहुतेक चुका इथेच होतात. शिकवणारा समोर तोंड करून उभा राहिला की त्याचं डावं ते शिकणाऱ्याचं उजवं, आणि शिकणारा तत्त्वाला बोलवायच्या जागी भलतंच काहीतरी रेखाटतो. शिकवताना पाठमोरं उभं राहावं. दुसरी चूक हात आखडण्याची. तारा कपाळापासून कंबरेपर्यंत उंच हवा. छोटा काढला की टोकं एकमेकांत मिसळतात आणि कुठून सुरुवात झाली ते रेखाटणाऱ्यालाही आठवत नाही.

मराठी माणसाला इथे पंचमहाभूतं आठवणारच, आणि नातं खरोखर आहे. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या गूढ विचारांचा अभ्यास करणाऱ्या थिऑसॉफिकल सोसायटीचं मुख्यालय १८७९ ते १८८२ या काळात मुंबईत होतं, नंतर ते मद्रासजवळ अड्यारला गेलं. थिऑसॉफीच्या लेखनातून पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही तत्त्वं लंडनला पोहोचली, गोल्डन डॉनने ती ध्यानाच्या चित्रांसाठी घेतली, आणि आजही काही विक्कन ताऱ्याच्या माथ्याला ‘अकाशा’ म्हणतात. पण दोन्ही व्यवस्था एकमेकींवर जशाच्या तशा बसवू नका. त्या तत्त्वचित्रांत पृथ्वी पिवळा चौकोन आहे आणि वायू निळं वर्तुळ. पेगन वेदीवर सहसा पिवळा रंग वायूचा असतो, निळा पाण्याचा आणि हिरवा पृथ्वीचा. रंग पाहून तत्त्व ठरवायला गेलं की सगळंच चुकतं.

[पडद्यावर: उलटा तारा]

उलट्या ताऱ्याबद्दल भीती इतकी खोल रुजली आहे की इथे थोडं थांबायला हवं. सरळ तारा शुभ आणि उलटा सैतानी, हा भेद प्राचीन नाही. तो १८५०च्या दशकात फ्रेंच लेखक एलिफास लेवी यांनी मांडला. १८९७ मध्ये स्तानिस्लास द ग्वाइता यांच्या ग्रंथात उलट्या ताऱ्यात बसवलेलं बोकडाचं डोकं छापलं गेलं. १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अँटन लाव्हे यांनी चर्च ऑफ सेटन स्थापन केलं आणि या संस्थेने तेच चित्र आपलंसं केलं. पुढे भयपटांनी ते घरोघरी नेलं. लेवींच्या आधी असा अर्थ नव्हता, याचा पुरावा दगडात आहे: फ्रान्समधल्या आमियाँ कॅथेड्रलच्या उत्तरेकडच्या गोल खिडकीत उलटा तारा आहे. मध्ययुगीन ख्रिस्ती माणूस या पाच टोकांत येशूच्या पाच जखमा पाहायचा. अमेरिकेच्या मेडल ऑफ ऑनर या सर्वोच्च शौर्यपदकाचा भरीव ताराही टोक खाली करूनच लटकतो.

दुसऱ्या दीक्षेच्या उलट्या ताऱ्याचा विक्कातला अर्थ सरळ आहे: आत्मतत्त्व खाली उतरतं, साधक स्वतःच्या अंधाऱ्या बाजूला सामोरा जातो. अमेरिकेत गैरसमज नको म्हणून अनेकांनी ही खूण बाजूला ठेवली. त्यांची अडचण समजते, पण इतरांच्या भीतीपायी आपल्या परंपरेतलं एक अक्षर पुसून टाकावं लागणं हे दुःखद आहे.

[पडद्यावर: कंपास, कोनमापक, तांब्याचा पत्रा]

तबकडी स्वतः बनवायची असेल तर १५ सेंटिमीटर व्यासाचा, निदान दीड मिलिमीटर जाडीचा तांब्याचा गोल पत्रा घ्या. कडेला दीड सेंटिमीटर सोडून ६ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. त्यावर पाच बिंदू हवेत. कंपास ७.०५ सेंटिमीटर उघडून एकामागून एक खुणा करत जायचा मोह होतो, पण प्रत्येक वेळची चूक पुढच्या खुणेत साठत जाते. उघडण्यात एक मिलिमीटरचा फरक पडला तर पाचव्या पावलाला सुमारे सहा मिलिमीटर चुकलेलं असतं. म्हणून पूर्ण गोल कोनमापक मध्यावर एकदाच ठेवून ०, ७२, १४४, २१६ आणि २८८ अंशांवर खुणा करा. एक सोडून एक बिंदू जोडा. पाचही रेघा ११.४ सेंटिमीटर भरल्या पाहिजेत. एखादी कमी-जास्त निघाली तर कोरायच्या आधी पुन्हा मोजा, तांब्यावर खोडरबर चालत नाही.

रेघा गुंफलेल्या दाखवायच्या असतील तर प्रत्येक रेघ दोन रेघांना छेदते: एकीच्या वरून, दुसरीच्या खालून. एका जागी गल्लत झाली की दोन रेघांचा ताल बिघडतो, म्हणून पाचही छेद आधी पेन्सिलीने ठरवून घ्या.

लाकडी तबकडी मिठाच्या पाण्याने डागाळते आणि पातळ असेल तर वाकते. मातीची तबकडी वाळताना आणि भाजताना आकसते, तेव्हा मापं मोठी धरा. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे ते मेणबत्तीच्या शेजारी नको. तांब्याला ओलं मीठ सोसत नाही. रात्रभर राहिलं तर कोरीव रेघांमध्ये हिरवट थर बसतो. विधी संपताच तबकडी साध्या पाण्याने धुऊन कोरडी करा. थर बसलाच तर लिंबाचा रस लावून मऊ कापडाने पुसा. तारेची घासणी वापरू नका, बारीक खुणा तिने झिजतात. आणि उरलेलं मिठाचं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. निसर्गाला अर्पण म्हणून अनेक जण तसं करतात आणि मीठ मुळं जाळतं. ते मोरीत टाका, वर दोन तांबे साधं पाणी सोडा.