आयजीआय बनवणारे गेले कुठे?

(पडद्यावर काळोख. फक्त सायरन.)

ओळखला? नसेल ओळखला, तर तुम्ही बऱ्याच नंतर जन्मलात, किंवा तुमच्या गावच्या सायबर कॅफेत नुसते निकाल बघायला जायचात.

नमस्कार मंडळी. हा सायरन ‘प्रोजेक्ट आयजीआय’ या बंदुकीच्या कॉम्प्युटर गेमचा. आपल्याकडे नुसतं ‘आयजीआय’. एक जण खेळतोय, तिघं त्याच्या खुर्चीला खेटून उभे, आणि पहाऱ्याचा कॅमेरा दिसला की त्यातला एक सारखा ओरडतोय, “अरे कॅमेरा, कॅमेरा! मागे हो!” तो ओरडणारा मी. आम्हाला तेव्हा खात्री होती की हा गेम अमेरिकेत बनलाय. एवढा मोठा गेम, दुसरीकडे कुठे बनणार?

बनला नॉर्वेत. ओस्लो शहरात. स्टुडिओचं नाव इनरलूप. सुरू झाला १९९६ ला, बंद झाला २००३ ला. सात वर्षं, हातावर मोजण्याइतके गेम.

आधी नावाचं सांगतो, कारण मला ते फार आवडतं. इनरलूप म्हणजे आतला लूप. लूप म्हणजे प्रोग्रॅमच्या पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळी, आणि प्रोग्रॅमिंगमध्ये लूपच्या आत लूप असतो. बाहेरचा एक फेरा होईपर्यंत आतला हजार फेरे मारून येतो. त्यामुळे तिथली एक ओळ रेंगाळली की अख्खा गेम अडखळतो. कॉम्प्युटर हळू होते त्या काळात गेम लिहिणाऱ्याचा कस लागायचा तो तिथे. दुकानाच्या पाटीवरच कुणी हे नाव लिहिलं, तर आत कसली माणसं बसलीत ते कळतं.

त्यांचा पहिला गेम बंदुकीचा नव्हता, विमानाचा होता. ‘जेएसएफ’, म्हणजे ‘जॉइंट स्ट्राइक फायटर’, १९९७ सालचा. त्यात दोन विमानं उडवता येत. बोइंगचं एक्स-३२ आणि लॉकहीड मार्टिनचं एक्स-३५. आता गंमत बघा. ही दोन्ही विमानं खरीखुरी आकाशात गेली २००० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे ओस्लोतल्या मंडळींनी ती तीन वर्षं आधीच उडवून घेतली! अमेरिकेने पुढे एक्स-३५ निवडलं. आजचं एफ-३५ ते हेच.

आता हे विमान लक्षात ठेवा, कारण आयजीआयचं सगळं गुपित त्यात आहे.

(मागे ‘ट्रेनयार्ड’ मिशनचं दृश्य.)

त्या काळचे बंदुकीचे बहुतेक गेम आठवा. बोळ, दार, खोली, परत बोळ. असं का? कारण भिंतीपलीकडचं काही दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते कॉम्प्युटरला काढावं लागत नाही. विमानाच्या गेमला ही पळवाट नाही. वरून खाली बघितलं की मैलोन् मैल जमीन दिसलीच पाहिजे. इनरलूपकडे ती जमीन पडद्यावर काढणारं इंजिन, म्हणजे गेमचा मूळ प्रोग्रॅम, तयार होतं. त्यांनी विमान काढून टाकलं आणि त्याच जमिनीवर एक माणूस पायी सोडला. गेमचा नायक, डेव्हिड जोन्स. हातात दुर्बीण.

म्हणून आयजीआय सुरू झाला की बहुतेक वेळा तुम्ही शत्रूच्या लष्करी तळाच्या बाहेर, लांब. खाली कुंपण, टेहळणीचे मनोरे, बराकी. कुठून आत शिरायचं ते कुणी सांगत नाही. नकाशा उघडला की उपग्रहातून दिसावा तसा तळ दिसतो, आणि जवळ जाऊन बघितलं की पहारेकरी चालताना दिसतात. वरून बघायला बनवलेली जमीन शेवटी वरूनच कामाला आली, नाही का? आणि एरवी सगळं जोन्सच्या डोळ्यांनी दिसायचं, पण तारेवरून घसरत जाताना दृश्य एकदम त्याच्या पाठीमागे जायचं आणि जोन्स अख्खा दिसायचा. त्या दोन सेकंदांसाठी आम्ही तीच तार पुन्हा पुन्हा शोधायचो.

गेम आला डिसेंबर २००० मध्ये. प्रकाशक ब्रिटनची आयडॉस. परीक्षकांनी बंदुकांचे आवाज आणि मोकळं रान उचलून धरलं, पण कान धरला तो दोन-तीन गोष्टींवर. मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोय नाही. पाऊण तास रांगत गेलात आणि शेवटच्या दाराशी गोळी लागली, की पुन्हा कुंपणाबाहेर. शत्रू अकलेने बेतास बात. सायरन वाजला की बराकीतून गडी निघतच राहायचे, मोजायची सोय नाही. आणि मित्राबरोबर खेळायची सोयही नाही.

पण खरं सांगू? सेव्ह नव्हतं म्हणून तर आपल्याकडे खुर्चीमागे तिघं उभे असायचे. एक मेला की दुसऱ्याचा नंबर. मल्टिप्लेयर गेममध्ये नव्हता, कॅफेत होता.

त्याच वर्षी इनरलूपने सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रासाठी ‘सेगा एक्स्ट्रीम स्पोर्ट्स’ही केला. पुढल्याच वर्षी सेगाने ड्रीमकास्टचं उत्पादन थांबवलं. त्या गेमबद्दल एवढंच.

मग पैसे? छोट्या स्टुडिओचं गणित साधारण असं असतं. प्रकाशक आगाऊ रक्कम देतो, ती टप्प्याटप्प्याने. गेम विकला की आधी ती रक्कम वळती होते, उरलं तर स्टुडिओचा वाटा. म्हणजे पुढचा करार हातात नसेल तर पुढच्या पगाराची चिंता. आणि आपण काय करत होतो? सीडीवर मार्करने ‘आयजीआय’ लिहिलेलं, एका सीडीवर गल्लीतले दहा कॉम्प्युटर. त्या सीडीचा हिशेब ओस्लोला पोचायची वाटच नव्हती. इनरलूप आपल्यामुळे बंद पडला असं मी म्हणत नाही, उगाच एवढा मोठेपणा नको. पण आपण त्यांचे गिऱ्हाईक कधीच नव्हतो, फक्त चाहते होतो.

२००३ ला ‘आयजीआय २: कव्हर्ट स्ट्राइक’ आला, या वेळी प्रकाशक कोडमास्टर्स. कार्पेथियन पर्वत, लिबिया, चीन. सेव्ह आलं, पण मोजकं. मल्टिप्लेयरही आला. तक्रारी ऐकून घेतल्या होत्या म्हणायच्या. त्याच वर्षी स्टुडिओ बंद झाला.

पुढे २०१९ मध्ये ‘आयजीआय ओरिजिन्स’ची घोषणा झाली. दुसरीच कंपनी, दुसरीच माणसं. तो गेम बनवणारा ब्रिटनमधला स्टुडिओ, अँटीमॅटर गेम्स, बंद करायचं त्याच्या मालकांनी २०२३ मध्ये ठरवलं.

(लॅपटॉप पुढे ओढत.)

बरं. जुना गेम लावलाय. पहिलं मिशन, ट्रेनयार्ड. हेडफोन लावला असेल तर आवाज थोडा कमी करा, मला अजूनही तो पहिला कॅमेरा चुकवता येत नाही.