महिन्याची बेरीज

पडद्यावर ३१ जानेवारी २०२३ ही तारीख दिसते आहे आणि तिच्यात एक महिना मिळवायचा आहे. जावा या प्रोग्रामिंग भाषेतील आजची तारीख-प्रणाली याचे उत्तर २८ फेब्रुवारी असे देते. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेतील, तारीख साठवणाऱ्या जुन्या डेट ऑब्जेक्टचा महिना एकने वाढवला, तर तो ३१ फेब्रुवारी ही अस्तित्वात नसलेली तारीख धरून चालतो, जास्तीचे तीन दिवस पुढे ढकलतो आणि ३ मार्चवर पोहोचतो. बैठका आणि भेटी नोंदवण्यासाठी वापरले जाणारे आयकॅलेंडर हे मानक, दर महिन्याच्या ३१ तारखेला काही ठरवले असेल, तर फेब्रुवारी सरळ वगळते. तिन्ही उत्तरे आपापल्या नियमाप्रमाणे बरोबर आहेत आणि तिन्ही ठिकाणी चुकीबद्दल कोणताही इशारा मिळत नाही. काळजी करावी ती याचीच.

महिना २८, २९, ३० किंवा ३१ दिवसांचा असतो. तो कोणत्या तारखेपासून मोजायचा हे कळल्याखेरीज त्याची लांबी सांगता येत नाही. वर्षाचेही तसेच आहे. ग्रेगोरियन कॅलेंडरचे ४०० वर्षांचे चक्र बरोबर १,४६,०९७ दिवसांत पूर्ण होते, म्हणून सरासरी वर्ष ३६५.२४२५ दिवसांचे येते. पण एखादा करार कोणत्या तारखेला संपतो, हे या सरासरीवरून काढणे योग्य नाही.

दिवस तरी चोवीस तासांचा असेल, असे वाटते. न्यूयॉर्कमध्ये १२ मार्च २०२३ रोजी पहाटे दोन वाजता उन्हाळी वेळेसाठी घड्याळे एक तास पुढे गेली आणि तो दिवस २३ तासांचा झाला. आदल्या संध्याकाळच्या सहामध्ये एक दिवस मिळवला, तर दुसऱ्या दिवशीचे सहा येतात. चोवीस तास मिळवले, तर सात. सामोआ देशाने आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली तेव्हा तिथे ३० डिसेंबर २०११ हा संपूर्ण दिवसच आला नाही; गुरुवारनंतर थेट शनिवार उजाडला.

म्हणूनच २०१४ मध्ये आलेल्या जावाच्या आठव्या आवृत्तीत ‘ड्युरेशन’ आणि ‘पीरियड’ असे दोन वेगळे प्रकार ठेवले गेले: पहिला सेकंदांत मोजला जाणारा काळ, दुसरा वर्षे, महिने आणि दिवस यांत सांगितलेली मुदत. पोस्टग्रेस डेटाबेस तर कालावधीचे महिने, दिवस आणि मायक्रोसेकंद असे तीन स्वतंत्र भाग जपतो आणि त्यांची आपसांत परस्पर मिसळ करत नाही. ही रचना पहिल्यांदा पाहताना किचकट वाटते, पण माझ्या मते ती या विषयातील सर्वांत समंजस रचनांपैकी एक आहे, कारण ती वापरणाऱ्याने न सांगितलेली गोष्ट गृहीत धरत नाही.

खरी गुंतागुंत सुरू होते ती बेरीज पुन्हा पुन्हा करताना. ३१ जानेवारीत एक महिना मिळवून २८ फेब्रुवारी आली आणि तिच्यात आणखी एक महिना मिळवला, तर २८ मार्च येते. मूळ तारखेत एकदम दोन महिने मिळवले, तर ३१ मार्च. वजाबाकीनेही मूळ जागी परतता येत नाही, कारण २८ फेब्रुवारीतून एक महिना काढला की २८ जानेवारी उरते. त्याहून नवल असे, की ३१ जानेवारी आणि २८ फेब्रुवारी यांतील अंतर विचारले, तर तीच जावा ‘एक महिना’ न म्हणता ‘२८ दिवस’ म्हणते. मासिक वर्गणी किंवा कर्जाचा हप्ता ठरवताना मागच्या देय तारखेत दर वेळी एक महिना मिळवत गेले, तर फेब्रुवारीत मागे सरकलेली तारीख पुढे कायमची २८ होऊन बसते. यावर उपाय साधा आहे: मूळ तारीख जपून ठेवावी आणि प्रत्येक हप्त्याची तारीख तिच्यापासूनच एक महिना, दोन महिने, तीन महिने अशी काढावी.

हा हिशेब चुकला की काय होते, हे २९ फेब्रुवारी २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेत दिसले. तिथे यंत्रांची ओळख पटवणारी नवी डिजिटल प्रमाणपत्रे तयार करताना समाप्तीची तारीख केवळ वर्षाच्या आकड्यात एक मिळवून काढली जात होती. त्या दिवशी उत्तर आले २९ फेब्रुवारी २०१३, आणि अशी तारीखच नसल्याने प्रमाणपत्रे तयार होईनात, नवी आभासी यंत्रे (सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) सुरू होईनात आणि सेवा अनेक तास विस्कळीत राहिली.

मुदत लिहून ठेवण्याची पद्धत आयएसओ ८६०१ या मानकाने घालून दिली आहे. त्यात ‘पी१एम’ म्हणजे एक महिना, ‘पीटी१एम’ म्हणजे एक मिनिट आणि ‘पी३०डी’ म्हणजे तीस दिवस. करारात ‘एक महिना’ असेल, तर डेटाबेसमध्येही महिनाच नोंदवावा. सोयीसाठी त्याचे तीस दिवस केले, की ठरवणाऱ्याचा मूळ हेतू पुसला जातो आणि नंतर तो कोणत्याही गणिताने परत मिळवता येत नाही. जावास्क्रिप्टसाठी तयार झालेल्या टेम्पोरल या नव्या रचनेत महिन्याची बेरीज नसलेल्या तारखेवर पोहोचली, तर ती महिनाअखेरीस आणायची की नाकारायची, हे प्रोग्रामरला स्पष्ट सांगता येते. काहीच सांगितले नाही, तर ती महिनाअखेरीस आणली जाते. पैसे आणि हक्क यांच्याशी संबंधित प्रणालीत मात्र हा पर्याय कोडमध्ये उघडपणे लिहावा आणि त्यामागचा नियम करारातही तितक्याच स्पष्ट शब्दांत असावा.