भंगारवाल्याचा भोंगा

नमस्कार श्रोतेहो.

अंगणवाडीत खिचडी वाढली की सगळी पोरं खायला लागायची. हा तीन वर्षांचा पठ्ठ्या मात्र खिचडी खाली ओतायचा आणि रिकामी थाळी गरगर फिरवत बसायचा. नावाने हाक मारा, ढिम्म! पण लांब रस्त्यावर भंगारवाल्याचा भोंगा वाजला, की थाळी टाकून दाराकडे धाव. अंगणवाडीताई त्याच्या आईला म्हणाल्या, "वहिनी, ह्याचा कान शाबूत आहे. वेगळंच काहीतरी आहे." आजी म्हणाली, "ह्याचा बापही उशिराच बोलला."

शंका होती स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची: मूल आपल्याच विश्वात असतं, बोलणं-मिसळणं वेगळं असतं. पण जिल्ह्याच्या दवाखान्यात सांगितलं, आधी कान तपासून आणा. ही बेरा तपासणी. डोक्याला तारा लावतात आणि मूल गाढ झोपलेलं लागतं. अनोळखी खोलीत हा कसला झोपतोय! पुढच्या महिन्याची तारीख. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला आईने त्याला पहाटे तीनला उठवलं, म्हणजे तिथे पोचेपर्यंत पेंगेल. गडी एसटीत बसल्या बसल्या झोपला आणि दवाखान्याच्या फाटकात टक्क जागा! एसटीच्या खिडकीशी लागते तशी झोप कुठल्या गादीवर लागत नाही, हे माझं जुनं मत. त्या लाल डब्याला उगाच नावं ठेवतात. असो.

चौथ्या खेपेला वॉर्डातल्या मावशींना राहवलं नाही. व्हरांड्यात दोन खांबांना साडी बांधून त्यांनी झोळी केली, त्याला घातला, झोके दिले. दहा मिनिटांत घोरायला लागला. तसाच अलगद उचलून आत नेला. रिपोर्ट काय आला? कान ठणठणीत. भंगारवाल्याने फुकटात सांगितलं होतं तेच! सात महिने गेले, आणि मानसतज्ज्ञांकडचा नंबर लागायला तेव्हा कुठे सुरुवात झाली.

कान तपासायलाच हवेत, त्यात वाद नाही. पण एक तारीख संपल्यावर दुसरी कशाला? दोन्ही नंबर एकाच दिवशी लावा. पुन्हा सांगते, दोन्ही नंबर एकाच दिवशी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचं पथक मुलांना तपासायला वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, वाचा उपचार करणारे, सगळे एका छताखाली असावेत म्हणून जिल्ह्याला डीईआयसी, म्हणजे लहानपणीच निदान आणि उपचार सुरू करणारं केंद्र, अशी त्याची रचना. खुर्ची रिकामी असली की रांग वाढते, हे तुम्हाला मी काय सांगू. पथक येईल तेव्हा ताईंना सांगून मूल दाखवा. वर्षाचं झालं तरी बोट दाखवत नाही, हाकेला वळत नाही, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नाही, हे वहीत तारखेसह लिहून न्या. स्वमग्नता मोजायची आपली भारतीय मोजपट्टी ४० मुद्द्यांची आहे. तिथे आईला खोदून खोदून विचारतात, आणि ऐन वेळी काही म्हणजे काही आठवत नाही.

१९९५च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हती. २०१६च्या कायद्यात आली, म्हणून आता प्रमाणपत्र मिळतं. पण प्रमाणपत्र सवलतींना लागतं, शिकवायला नाही. ऐकलंत ना? शिकवायला लागत नाही.

त्या आईला वाचा उपचार करणाऱ्या बाईंनी नंबर लागण्याआधीच एक खेळ दिला होता. थाळी हिसकायची नाही. एकदा त्याने फिरवायची, एकदा आईने. पहिले कित्येक दिवस तो नुसता ओरडला. मग एका संध्याकाळी थाळी थांबली, त्याने ती आईकडे सरकवली आणि तिच्या तोंडाकडे बघत बसला.

नमस्कार.