संस्थेचा लेख संस्थेने लिहावा का?

विकिपीडियावर आपल्या संस्थेचं पान हवं, हा ठराव हल्ली कार्यकारिणीच्या बैठकीत पाच मिनिटांत मंजूर होतो. काम जातं ज्याला संगणक येतो त्याच्याकडे: ग्रंथपाल, एखादा तरुण शिक्षक, नाहीतर वेबसाइट करून देणारी एजन्सी. तो संस्थेच्या नावाने खातं उघडतो, माहितीपत्रकातला मजकूर चिकटवतो आणि दोन दिवसांत पान गायब होतं. मग विचारणा होते, 'तिथे कुणीही लिहू शकतं ना? मग आमचंच का उडवलं?'

बहुतेक वेळा तीन-चार कारणं एकदम असतात. खात्याचं नाव हे पहिलं. इंग्रजी विकिपीडियावर निव्वळ संस्थेच्या नावाचं खातं रोखलं जातं. खातं व्यक्तीचं असतं, कार्यालयाचं नव्हे. पासवर्ड चौघांत फिरवायचा नसतो. 'अमुक संस्थेतील सुनील' असं नाव मात्र चालतं. दुसरं कारण प्रताधिकाराचं. तुमच्या वेबसाइटच्या तळाशी 'सर्व हक्क राखीव' लिहिलेलं असतं. विकिपीडियावर टाकलेला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली जातो, म्हणजे श्रेय देऊन कुणीही तो बदलू शकतो, छापून विकूही शकतो. मजकूर तुमचाच आहे आणि असा परवाना द्यायचा अधिकार तुम्हाला आहे, हे तपासणाऱ्याला कसं कळावं? तो मजकूर काढून टाकतो.

तिसरं कारण भाषेचं, आणि सर्वांत जास्त मसुदे इथेच पडतात. 'संस्थेने अल्पावधीत नावलौकिक मिळवला असून विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी ती कटिबद्ध आहे.' अल्पावधी म्हणजे किती वर्षं? नावलौकिक आहे हे कोण म्हणतं? कटिबद्धता तपासायची कशी? तिन्ही प्रश्नांना उत्तर नाही, म्हणजे वाक्यात काही उरलंच नाही. 'संस्थेची पहिली शाळा १९५२ साली सुरू झाली' हे वाक्य राहतं, पण पुढे संदर्भ असेल तरच.

संदर्भ म्हटलं की स्मरणिका पुढे येते. सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, वार्षिक अहवाल, माजी अध्यक्षांचं आत्मचरित्र, हे सगळं घरचं साहित्य. स्थापनेचं साल किंवा शाखांची यादी यासाठी ते चालेल. संस्था लेख व्हावा इतकी उल्लेखनीय आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी संस्थेशी संबंध नसलेल्या, विश्वासार्ह अशा एकाहून अधिक स्रोतांत तिच्याबद्दल सविस्तर लिहिलेलं असावं लागतं. नव्या इमारतीचं उद्घाटन, पदाधिकाऱ्यांची निवड, पुरस्काराची चौकट यांना सविस्तर म्हणत नाहीत. तुमचंच प्रसिद्धिपत्रक तीन दैनिकांत शब्दशः छापून आलं, तर ते तीन स्रोत होत नाहीत. एकच होतो, तोही तुमचाच. जाहिरात घेऊन काढलेल्या पुरवणीतल्या लेखालाही किंमत नाही. भारतीय वृत्तपत्रांतल्या अशा पेड मजकुराबद्दल इंग्रजी विकिपीडियाच्या मार्गदर्शिकेत वेगळा इशाराच आहे. जिल्हा गॅझेटियरमधला परिच्छेद किंवा बाहेरच्या इतिहासकाराच्या पुस्तकातलं प्रकरण यांचं वजन मात्र मोठं. तसं काही नसेल, तर लेखाचा नाद सोडावा. विकिपीडियावर पान नाही म्हणून संस्था लहान ठरत नाही.

आता पैशाचा मुद्दा. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या वापराच्या अटींत जून २०१४मध्ये भर पडली: मोबदला घेऊन संपादन करणाऱ्याने मालक, ग्राहक आणि आपला संबंध जाहीर केला पाहिजे, मग तो आपल्या खात्याच्या सदस्य पानावर करा, लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर करा की बदल जतन करताना लिहायच्या सारांशात. पगारी कर्मचाऱ्याने 'मी हे सुट्टीच्या दिवशी लिहिलं' म्हणणं ही पळवाट नाही. विनामोबदला काम करणारे मानद चिटणीस या अटीत येत नाहीत, पण हितसंबंध त्यांचाही आहे. त्यांनीही तो सांगावा.

लपवून निभत नाही, कारण प्रत्येक बदल इतिहासाच्या टॅबमध्ये राहतो. आयआयपीएम या व्यवस्थापन शिक्षण देणाऱ्या संस्थेवरच्या इंग्रजी लेखाचं उदाहरण घ्या. वर्षानुवर्षं त्यातून टीका आणि तिचे संदर्भ काढले जात होते, आणि काढणारा खुद्द प्रचालक, म्हणजे पानं हटवण्याचे आणि खाती रोखण्याचे अधिकार असलेला सदस्य होता. फेब्रुवारी २०१५मध्ये इंग्रजी विकिपीडियावरचे वाद निकाली काढणाऱ्या लवाद समितीने त्याचे अधिकार काढून घेऊन त्याच्यावर बंदी घातली. पुरावा होता त्याचीच जुनी संपादनं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ३८१ खाती एका फटक्यात रोखली गेली. ही खाती चालवणारी टोळी नाकारलेले मसुदे हेरायची आणि संबंधितांकडे लेख 'करून देण्याचे' पैसे मागायची. तुमचा नाकारलेला मसुदाही सगळ्यांना दिसतो, तेव्हा 'आमची आत ओळख आहे' असा मेल आला तर सरळ डिलीट करा.

मग संस्थेने करायचं काय? लेख आधीच असेल, तर त्याला हात न लावता चर्चा पानावर जायचं. आपण कोण ते पहिल्या ओळीत. मग आत्ताचं वाक्य जसंच्या तसं, खाली हवं असलेलं वाक्य, आणि त्याखाली पृष्ठांकासह संदर्भ. एका विनंतीत एकच बदल. 'लेख अद्ययावत करावा' एवढंच लिहिलं तर कुणी ढुंकूनही पाहत नाही. इंग्रजीवर यासाठी वेगळा साचा, म्हणजे विनंतीचा तयार नमुना आहे, तो लावला की विनंती रांगेत लागते. रांग लांब असते, धीर धरावा लागतो. मराठीवर राबता कमी, म्हणून चर्चा पानावर लिहून चावडीवर, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावरही एक ओळ टाकावी. टीका संदर्भासह असेल तर ती हटवायला सांगू नका. त्या प्रकरणात न्यायालयाचा निकाल तुमच्या बाजूने लागला असेल, तर त्या निकालाची बातमी द्या.

नवा लेख व्हावा एवढं साहित्य असेल, तर मसुदा करून तपासणीला द्यावा, हितसंबंध सांगून. आणि छायाचित्रं द्या, ती विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाला चित्रं पुरवणाऱ्या मुक्त साठ्यात कायम हवी असतात. तुम्ही पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, भारतीय कायद्यानुसार तुमची. वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराने काढलेलं तुमच्या भिंतीवर लटकत असलं तरी तुमचं नाही. छायाचित्र वापरण्याच्या परवानगीचा मेल कॉमन्सकडे संस्थेच्या अधिकृत पत्त्यावरून जावा, कुणाच्या खासगी जीमेलवरून नव्हे, आणि त्यात परवान्याचं नाव स्पष्ट लिहिलेलं असावं. 'वापरण्यास हरकत नाही' एवढ्यावर फाइल राहत नाही.