मायबाप कुणाला म्हणायचं?

(परदेशातल्या सातारा-सांगलीकरांच्या मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

मंडळी, राम राम.

गेल्या रविवारी आपल्या मराठी शाळेत अर्जलेखन चाललं होतं. ताईंनी जुन्या वळणाचा नमुना फळ्यावर लिहिला, 'मायबाप सरकारचे सेवेशी'. नऊ वर्षांच्या एका मुलानं हात वर केला. "ताई, सरकार मत देऊन बदलता येतं. आई-बाबा बदलता येत नाहीत. मग सरकार मायबाप कसं?" मागे बसलेले पालक हसले. ताईंना उत्तर सुचलं नाही आणि त्यांनी त्याला ते सरळ सांगितलं. आज बोलायचा विषय दुसराच ठरला होता. तो पुढच्या वर्षी. या पोराला उत्तर द्यायची जबाबदारी आपल्या सगळ्यांची आहे.

इथल्या राजकारणात कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबर्टेरियन हे दोन्ही शब्द आपण एकाच दमात उच्चारतो. दोघांनाही सरकार आटोपशीर हवं असतं, म्हणून ते एकच वाटतात. त्या मुलाच्या प्रश्नावर मात्र दोघांची उत्तरं वेगळी येतील. परंपरावादी म्हणेल, मायबाप आधीच आहेत की! घर आहे, भावकी आहे, गाव आहे, तालीम आहे, देऊळ आहे. सरकारनं त्यांच्या जागेवर बसू नये. स्वातंत्र्यवादी म्हणेल, जाणत्या माणसाला मायबाप लागतच नाहीत. मारू नकोस, चोरू नकोस, फसवू नकोस, दिलेला शब्द पाळ, एवढं बघायला पोलीस आणि कोर्ट ठेवा. बाकीचं त्याचं तो बघेल.

आता हे दोघे आपल्या गावात आणून उभे करा. आडवी बाटली, म्हणजे दारूचं दुकान बंद करायचं मतदान, इथल्या कितीतरी जणांच्या गावात झालं आहे. २००८ च्या नियमाप्रमाणे गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी करायची. सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी. दुकान बंद व्हायला निम्म्याहून जास्त मतं आडवीला हवीत, आणि ही निम्मी मोजायची यादीतल्या एकूण नावांवर. झालेल्या मतदानावर नव्हे. घोडं अडतं ते इथेच. जी सून पनवेलला राहते पण नाव गावच्या यादीत आहे, तिचं न आलेलं मत उभ्या बाटलीच्या पदरात पडतं. म्हणून या बायका आधी यादी साफ करून घेतात, मग मुंबई-पुण्याच्या लेकीसुनांना मतदानाच्या दिवशी गावी आणायची तजवीज करतात. आणि जिंकल्यावरही शेजारच्या गावचं दुकान चालूच असतं, चोरून विकणारा तर गल्लीतच उभा राहतो.

परंपरावादी म्हणतो, गावानं आपलं वळण ठरवलं, यात गैर काय? स्वातंत्र्यवादी विचारतो, ५१ जणींनी उरलेल्या ४९ घरांच्या ताटात काय असावं हे ठरवायचं का? मारहाण करणाऱ्या नवऱ्याला आत टाका, दुकानाला कुलूप कशाला? मला तरी यात त्या बायकांचं म्हणणं पटतं. दुकानाचा परवाना सरकारनंच दिलेला असतो. दिलेला परवाना परत घ्या म्हणणं म्हणजे सरकार वाढवणं नव्हे. पण स्वातंत्र्यवाद्याचा प्रश्न झटकूनही टाकता येत नाही. आज बाटली, उद्या कुणाच्या लग्नावर मतदान घेतील. गावकीनं माणसं वाळीत टाकल्याचे प्रकार आपल्याकडे घडले, म्हणून तर महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. गावही मायबाप होतं, आणि तापट मायबाप होतं.

परंपरावादी की स्वातंत्र्यवादी, या शब्दांवरून माणसाची परीक्षा करू नका, हे साताऱ्यानं फार पूर्वी पाहिलं आहे. ईस्ट इंडिया कंपनीशी १८१९ चा तह, १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढणं, १८४८ मध्ये दत्तक नाकारून राज्य खालसा करणं. महाराजांचे वकील रंगो बापूजी १८५३ पर्यंत लंडनमध्ये दारोदार फिरले. आपल्या आधी परदेशात तळ ठोकलेला हा सातारकर. मागणी एवढीच, की कंपनीनं स्वतःच्या सहीचा तह पाळावा. म्हणजे सत्तेनं स्वतः आखलेली मर्यादा पाळावी. त्याच शहरात, त्याच कंपनीच्या कचेरीत स्वातंत्र्यवाद्यांचा लाडका विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल नोकरीला होता. दुसऱ्याला इजा होत असेल तरच माणसावर सक्ती करावी, हा आजही सगळे सांगतात तो नियम त्यानं १८५९ मध्ये छापला. आणि मागासलेल्या समाजांना तो लागू नाही, असंही त्यातच लिहून ठेवलं. उलट परंपरावाद्यांचा मूळपुरुष एडमंड बर्क, त्यानं १७८८ पासून कंपनीचा माजी गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जवर पार्लमेंटात खटला चालवला, कारण कंपनीच्या सत्तेला लगाम राहिला नव्हता. हेस्टिंग्ज १७९५ मध्ये सुटला, ही गोष्ट वेगळी.

आणि शरद जोशी. जन्म साताऱ्याचा, नोकरी स्वित्झर्लंडमध्ये बर्नला, जागतिक टपाल संघात. ती सोडून ते परतले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि शेतकरी संघटना उभी केली. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा आपल्यापैकी अनेकांनी रस्त्यावर ऐकली आहे. त्यांचं म्हणणं सरळ होतं: सरकारनं शेतकऱ्याला काही देऊ नये, फक्त त्याच्या वाटेतून उठावं.

उसाचंच बघा. एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, दिल्ली ठरवते. साखरेच्या विक्रीचा किमान दरही दिल्लीचा, २०१९ मध्ये तो किलोला ३१ रुपये झाला. दोन कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतर हवं, हा महाराष्ट्राचा नियम. स्वातंत्र्यवादी म्हणेल, अंतराची अट काढा, शेजारी दुसरा कारखाना आला की दर आपोआप सुधारेल. कारखान्याची बाजूही ऐका: ऊस विभागला की गाळपाचे दिवस कमी भरतात, यंत्रं बसून राहतात, कर्जाचे हप्ते थकतात. सहकारी कारखाना म्हणजे सभासदांची स्वतःची संस्था, परंपरावाद्याला हवी अगदी तशी. पण सरकारचं भागभांडवल आणि कर्जाची हमी घेतली, की संचालक मंडळाच्या खुर्चीमागे सरकारही येऊन उभं राहतं. वजनकाट्यावर मात्र दोघांचं एकमत व्हावं. काटा मारला तर ती चोरी आहे. तो तपासणं हे छोट्यात छोट्या सरकारचंही काम. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे, नाहीतर १५ टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. दिलेला शब्द पाळायला लावणं, एवढाच त्याचा अर्थ. आणि नेमकं हेच काम ढिलं पडतं. नको तिथे दहा नियम, हवा तिथे एक अधिकारी सापडत नाही.

आता थोडं आपल्याबद्दल, रागावू नका. इथे मागच्या अंगणात लाकडी ओटा बांधायला परवाना मागितला की आपण चिडतो, कराचा आकडा पाहून सरकार छोटं हवं म्हणतो. आणि गावी फोन लावला की पहिला प्रश्न, कर्जमाफीचं काय झालं? यंदा अनुदान किती? इथे स्वतंत्र नागरिक आणि तिथे लेकरू, असं एकाच माणसानं किती दिवस राहायचं? मुलं हे ऐकत असतात. त्या पोराचा प्रश्न आपल्याच घरांतून आला असावा.

कृष्णेबद्दल बोलल्याशिवाय सांगलीकर मला खाली बसू देणार नाहीत. आयर्विन पुलाशी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारं पाणी, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारं. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको. माझी जमीन, माझा पैसा, माझा धोका, असं इथे म्हणता येत नाही, कारण ओढ्यात भराव मी टाकतो आणि पाणी शेजाऱ्याच्या माजघरात शिरतं. मिलचा नियमसुद्धा तिथे बांधकाम थांबवायलाच सांगतो. परंपरावादी दाखवून देईल की जुनी गावठाणं उंचावर होती, नदीची जागा नदीला सोडलेली होती. म्हणजे दोघेही त्या रेषेशी येऊन थांबतात. तरी रेषेच्या आत घरं उभी आहेत, आणि त्यातल्या काहींना पैसे इथून गेले आहेत. ते इथे बसलेल्यांना ठाऊक आहे.

त्या पुरात सैन्य आलं, एनडीआरएफ आलं. त्याआधी कुठे तालमीतली पोरं, कुठे गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवून म्हाताऱ्यांना काढणारे गावकरी. ब्रह्मनाळला गावच्याच बोटीत क्षमतेहून जास्त माणसं बसली, ती उलटली आणि माणसं गेली.

वर्ग सुटल्यावर तो मुलगा ताईंकडे परत गेला होता. त्याची आजी त्या पुरात सांगलीत गच्चीवर अडकली होती, हे त्यानं घरात ऐकलं आहे. त्यानं विचारलं, "सरकार मायबाप नसेल, तर परत पूर आला की आजीनं फोन कुणाला करायचा?"

ताई पुढच्या रविवारी वर्ग घेणार आहेत. साडेदहाला. ज्यांच्याकडे उत्तर असेल त्यांनी यावं.